सोसायटीचा सुका कचरा ‘ब्लॉकचेन’वर टाकायचा म्हणतायत. कोणाला अनुभव?

सचिव बिनपगारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका दीडशे-एक फ्लॅटच्या सोसायटीचा सध्या मी सेक्रेटरी आहे (सभेत दुसऱ्या कोणी हात वर केला नाही म्हणून). आमच्याकडे एका स्टार्टअपचा प्रस्ताव आलाय. सुका कचरा त्यांना द्यायचा. प्रत्येक फ्लॅटला क्यूआर कोड छापलेल्या पिशव्या मिळणार. त्यांचा माणूस पिशवी स्कॅन करणार, वजन करणार, ते वजन ब्लॉकचेनवर चढणार आणि त्या हिशेबाने फ्लॅटधारकाच्या खात्यात टोकन जमा होणार. टोकनवर ठरावीक दुकानांत सूट. शिवाय आपली बाटली कुठल्या कारखान्यात गेली, तिचं पुढे काय झालं, हे मोबाइलवर दिसणार. ‘एकदा नोंद झाली की ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही’ असं ती मुलं छातीठोकपणे सांगून गेली.

समितीत लगेच दोन तट पडले. काहींना हे फार भारी वाटलं. काहींना टोकन म्हटल्यावर चिट फंड आठवला. माझा प्रश्न साधा आहे: याने कचऱ्याचं खरंच काही भलं होतं का, की नुसतं ॲप वाढतं?

सध्या सुका कचरा ‘स्वच्छ’च्या (कचरावेचकांची सहकारी संस्था) मंगलताई नेतात. त्यांचं काय करायचं हे प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं आणि समितीतही कोणी विचारलं नाही.

खवट शेंगदाणा

‘गार्बेज इन, गार्बेज आऊट’ (खोटी माहिती आत टाकली की खोटंच बाहेर येणार) हा विनोद कोणीतरी मारणारच आहे, तर मीच मारून मोकळा होतो. आता गंभीर चर्चा करा.

आजी माजी

वजनावर टोकन? मग आमच्या मजल्यावरचे लोक ऑनलाइन खरेदी दुप्पट करतील. खोकी भरपूर, टोकन भरपूर. कचरा कमी करणाऱ्याला या योजनेत काय मिळतं? शून्य.

नोडकरी

सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ब्लॉकचेन विकत नाही, हे आधीच सांगतो.

बिटकॉइन क्षणभर बाजूला ठेवा. ब्लॉकचेन म्हणजे भिशीची वही एकट्या भिशीवालीकडे न ठेवता प्रत्येक सभासदाकडे ठेवायची. एकीने स्वतःच्या वहीत खाडाखोड केली की बाकीच्या वह्या तिला खोटं पाडतात. त्यामागचं गणित अवघड आहे, कल्पना नाही.

हे कुठे कामाचं? जिथे चार पक्ष आहेत, चौघांचा एकमेकांवर भरवसा नाही आणि पंच म्हणून कोणी एक सगळ्यांना मान्य नाही तिथे. कचऱ्यात अशी परिस्थिती असते. गोळा करणारा, टेम्पोवाला, कारखाना आणि ‘आम्ही इतकं प्लास्टिक परत मिळवलं’ अशी जाहिरात करणारी कंपनी.

चाललेलं उदाहरण म्हणजे ‘प्लास्टिक बँक’. कॅनडातल्या व्हँकूव्हरची संस्था, २०१३ साली निघाली. हैतीत सुरुवात केली, पुढे फिलिपिन्स, इंडोनेशिया, ब्राझील, इजिप्त. लोक प्लास्टिक गोळा करून केंद्रावर आणतात, वजन होतं, बाजारभावावर थोडा बोनस मिळतो आणि नोंद आयबीएमच्या मदतीने उभारलेल्या ब्लॉकचेनवर होते. मोबदला फोनवर जमा झाला की रोख पैसे घेऊन घरी जाताना लुटलं जायची भीती राहत नाही. ज्याच्याकडे बँकेचं खातं नाही, कामाचा एक कागद नाही, त्याच्या नावावर कमाईची नोंद तयार होते. मला हे लहान वाटत नाही.

उगाच

खाली बसून वाचतोय. ब्लॉकचेनला गावभर वीज लागते ना? बाटली वाचवायला कोळसा जाळायचा?

नोडकरी

@उगाच, ते बिटकॉइनच्या पद्धतीचं खरं आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीने (म्हणजे ब्लॉकचेनने) सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त खाली आला. आणि अशा कामाला सहसा खाजगी, मोजक्या ओळखीच्या पक्षांपुरतीच साखळी वापरतात, तिथे तो खटाटोप नसतोच. विजेचा आक्षेप इथे लागू नाही. बाकीचे बरेच लागू आहेत, म्हणून गप्प बसतो.

काट्यावरचा माणूस

भिवंडीकडे भंगार प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा पाडणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं खरेदी बघितली. त्यामुळे चार शब्द.

भिशीचं उदाहरण पटलं. पण आमच्या धंद्यात वहीत खाडाखोड करायला वेळ कोणाला आहे? खोटं वहीपर्यंत पोचायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. काट्यावर.

दूधपिशव्यांचं बारदान येतं. वरचा थर कोरडा, कडेने कोरडा, मधोमध ओला. जुना खरेदीवाला बारदान उघडून हात कोपरापर्यंत आत घालतो आणि बोटांना गार लागलं की तिथल्या तिथे किलोमागे भाव पाडतो. नवखा असला की पाण्याला दुधपिशवीचा भाव देतो. ‘फुगा’ म्हणून घेतलेल्या मालात (शाम्पूच्या, तेलाच्या बाटल्या) खाली माती निघते. ‘बिसलरी’त निम्म्या बाटल्यांची झाकणं घट्ट आणि आत पाणी. आणि घेणाराही काही संत नसतो. काटा मारणं ही कला दोन्हीकडे आहे.

आता ते ओल्या बारदानाचं वजन तुमच्या साखळीवर चढलं. ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही. म्हणजे चुकलेलं वजन दुरुस्त करायची सोयसुद्धा गेली.

खवट शेंगदाणा

चारा घोटाळ्यात कागदावर जनावरं स्कूटरवरून वाहून नेली होती. ब्लॉकचेन असती तर त्या स्कूटरी अजरामर झाल्या असत्या.

नोडकरी

@काट्यावरचा माणूस, मान्य. पण म्हणूनच काटा थेट जोडलेला ठेवतात, माणसाने आकडा टाइप करायचा नाही, सोबत फोटो, जागेची नोंद. आणि गोळा करणारा, टेम्पो, कारखाना, तिघांनी आपापली सही केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. एकाला खोटं बोलायचं तर तिघांना फितवावं लागतं. खोटं अशक्य होत नाही, महाग होतं.

काट्यावरचा माणूस

तिघं वेगवेगळे असतील तर. टेम्पो मेव्हण्याचा, गोडाऊन भावाचं आणि कारखाना स्वतःचा असेल तर तीन सह्या एकाच जेवणाच्या टेबलावर होतात. 🙂

अनुपालन

वरच्या वादाला धरूनच एक प्रत्यक्ष घडलेलं सांगते. माझं काम कंपन्यांच्या पर्यावरण-कागदपत्रांचं आहे.

प्लास्टिक वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर ते प्लास्टिक परत गोळा करून त्याचा पुनर्वापर करवण्याची जबाबदारी आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची नियमावली आणली. पहिल्या वर्षासाठी, म्हणजे २०२१-२२ ला २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून १०० टक्के असं उद्दिष्ट. कंपनी स्वतः थोडीच गोळा करायला जाणार? पुनर्वापर करणारा कारखाना जितकं प्लास्टिक वापरतो तितकी प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतात आणि कंपन्या ती विकत घेतात. म्हणजे कचऱ्यापेक्षा प्रमाणपत्राला भाव आला.

२०२३ मध्ये मंडळाने तपासणी केली तेव्हा काही मोजक्या कारखान्यांनी मिळून सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं तयार केल्याचं निघालं. त्यात गुजरात, कर्नाटकाबरोबर आपला महाराष्ट्रही होता.

आता बघा. पोर्टल कोणी हॅक केलं नव्हतं. जुनी नोंद कोणी बदलली नव्हती. जे प्लास्टिक कधी आलंच नाही त्याची रीतसर, नियमाप्रमाणे, पासवर्ड टाकून नोंद केली होती. ही सगळी प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर असती तरी तितकीच बनावट राहिली असती.

काट्यावरचा माणूस

+१. आणि असला खोटेपणा पकडायचा तर विजेचं बिल बघा. धुणं, दळणं, वितळवून दाणा पाडणं, सगळं विजेवर. बिल पाच टनांचं आणि प्रमाणपत्र पन्नास टनांचं असेल तर कुठलीही साखळी न लावता कळतं. त्यासाठी फक्त कोणीतरी दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत.

नोडकरी

विजेच्या बिलाचं लाख बोललात. तेच मीटर थेट साखळीला जोडा ना मग.

(बरं, बरं. जातो.)

आजी माजी

जाऊ नका हो. तुमच्यामुळे धागा चालू आहे.

सात रंग

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत आहे. सोसायटीच्या कचऱ्याबद्दल माहीत नाही, पण वरची ‘चार पक्ष, चार वह्या’ ही गोष्ट आमच्याकडे आधीपासून कागदावर आहे.

घातक कचरा कारखान्याबाहेर काढताना १० नंबरचा फॉर्म भरावा लागतो. सात प्रती, सात रंग. पांढरी प्रत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पिवळी आमच्याकडे, गुलाबी कचरा घेणाऱ्या केंद्राकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी केंद्राकडून पुन्हा मंडळाला, निळी केंद्राकडून आम्हाला परत, आणि कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर करडी त्या राज्याच्या मंडळाला. आम्ही पाठवलेलं वजन पिवळ्या प्रतीवर, त्यांना मिळालेलं निळ्या प्रतीवर. दोन्ही जुळले पाहिजेत. मधल्या रस्त्यात टँकर कुठल्या नाल्यात रिकामा झाला तर इथेच कळायला हवं.

ब्लॉकचेनला खरंच कुठे काम असेल तर इथे आहे असं माझं मत. पक्ष वेगवेगळे, हितसंबंध उलटे, गुन्हा गंभीर. निळी प्रत उशिरा येते, कधी वाहतूकदाराच्या गाडीत मळून येते, कधी मागावी लागते. ती त्याच क्षणी सगळ्यांना दिसली तर रात्रीत टँकर ओतणाऱ्याची पंचाईत होईल. पण खरं सांगायचं तर त्यासाठी साधं सामायिक पोर्टलही पुरतं, जर वजनं न जुळल्यावर दुसऱ्या दिवशी मंडळाचा फोन येणार असेल तर.

पिवळी पिशवी

@सात रंग, दवाखान्यांचंही तसंच. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पिशव्यांना बारकोड आहे. आमच्या दवाखान्यातून पिवळी, लाल पिशवी निघताना स्कॅन होते आणि वजन जातं. पहिल्यांदा मला वाटलं उगाच ताप वाढवला. पण एकदा एका नर्सने सुया असलेली वस्तू चुकीच्या पिशवीत टाकली, तेव्हा कोणत्या दिवशीची, कोणत्या विभागातली पिशवी हे लगेच सापडलं. बारकोड, एक डेटाबेस आणि रोज बघणारी एक व्यक्ती, इतकंच त्यामागे आहे. ती व्यक्ती रजेवर गेली की बारकोडही रजेवर.

नदीकाठचा

‘बघणारी व्यक्ती’ वरून आठवलं. आमच्या गावातही (नगरपरिषदेचं नाव नको) घरोघरी दारावर क्यूआर कोडची पाटी ठोकली. घंटागाडीवाल्याने प्रत्येक घरी कोड स्कॅन करायचा, म्हणजे गाडी कोणत्या घरी गेली ते वर साहेबांना नकाशावर दिसणार. हिरवे ठिपके.

एका सकाळी पाराखाली गाडी उभी. चालक चहा पितोय आणि दुसरा मुलगा मांडीवर एक कार्ड घेऊन टिक टिक स्कॅन करतोय. आमच्या अख्ख्या गल्लीच्या पाट्यांचे फोटो काढून त्याने एका कागदावर रांगेत छापून, वर लॅमिनेशन केलं होतं. पावसात भिजू नये म्हणून! गाडी आमच्या गल्लीत आलीच नाही. नकाशावर सगळी घरं हिरवी.

जागेची नोंद? पार आणि गल्ली यांत अंतरच किती. सिस्टिमला ते जवळचंच वाटतं.

उगाच

लॅमिनेशन! 😂 त्या पोराला स्टार्टअपमध्ये घ्या.

फुरसुंगीचा

तुमची बाटली शेवटी कुठे जाते ते मोबाइलवर बघायचंय? इकडे या. दाखवतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या उशाशी येऊन पडलाय, त्याला ॲप लागलं नाही.

राइनकाठी

जर्मनीहून. इथे बाटली-कॅनवर २५ सेंट अनामत असते, २००३ पासून. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली टाकली की पावती मिळते, ती काउंटरवर दाखवली की पैसे परत. जवळपास सगळ्या बाटल्या परत येतात. घरी पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी नवरा आणि मी पिशव्या भरून मशीनपुढे रांगेत. ब्लॉकचेनचा संबंध नाही. २५ सेंटचा आहे.

पण मशीनवरही आंधळा विश्वास नको. कोलोनमध्ये एका पेयविक्रेत्याने आपल्या मशीनमध्ये फेरफार केला. बाटली आत जायची, नोंद व्हायची, पण चुरा न होता परत बाहेर यायची. एकच बाटली त्याने १ लाख ७७ हजारांवर वेळा फिरवली आणि ४४ हजार युरो उचलले. २०१६ मध्ये कोर्टाने त्याला १० महिन्यांची शिक्षा दिली. म्हणजे इथे तर आकडा माणसाने टाइपही केला नव्हता. मशीननेच प्रामाणिकपणे खोटं नोंदवलं.

@नोडकरी, थेट जोडलेल्या काट्याबद्दल तुमचं म्हणणं वाचून हेच डोळ्यांपुढे आलं.

नोडकरी

हे भारी आहे. पण तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दाही निघतो. प्रत्येक बाटलीला स्वतंत्र क्रमांक असता तर तीच बाटली दुसऱ्यांदा टाकताच मशीनने नाकारली असती. प्रत्येक वस्तूला वेगळा कोड, एकदा परत आली की कोड मेला. ते साखळीवर करा नाहीतर डेटाबेसवर.

भटकी जमात

केदारनाथला हे पाहिलंय. पाण्याच्या बाटलीवर क्यूआरचं स्टिकर, १० रुपये जास्त घेतात. परत दिली की १० रुपये परत. २०२२ पासून सुरू आहे. माझ्या पुढचा एक मुलगा दऱ्याखोऱ्यांतून, झुडपांतून लोकांनी फेकलेल्या बाटल्या गोळा करत होता. कचरा म्हणून कोणी वाकलं नसतं, दहा रुपयांसाठी तो उतारावर गेला.

तमिळनाडूतही सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये अनामत आहे. निलगिरीत जंगलात फुटक्या बाटल्यांनी हत्ती जखमी व्हायचे, त्यावर हायकोर्टाने हे करायला लावलं.

मांडवीतीर

गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत परतीची योजना अधिसूचित केली. बाटली, कॅन, पिशवी, प्रत्येकावर कोड. व्यापारी आणि उद्योगवाले खवळले, अंमलबजावणी पुढे गेली. पणजीत बसून सांगतो, अडचण तंत्राची कधीच नव्हती. अनामत कोणी भरायची, परत आलेल्या बाटल्या दुकानात कुठे ठेवायच्या आणि न परतलेल्या बाटल्यांचे पैसे कोणाच्या खिशात जायचे, भांडण याचं.

आजी माजी

आपल्याकडेही प्लास्टिकबंदीच्या वेळी, २०१८ ला, दूधपिशवी परत केली की ५० पैसे मिळणार होते. आमच्या डेअरीवाल्याला मी पिशव्या धुवून नेऊन दिल्या. तो म्हणाला, ‘काकू, याचं मी काय करू?’

एटापल्लीचा पाहुणा

विषयाला सोडून नाही, पण ब्लॉकचेन महाराष्ट्र सरकारने वापरलंय हे बऱ्याच जणांना माहीत नसावं. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडे २०२२ मध्ये ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम झालं. दाखला खरा की खोटा हे कोणालाही कोड स्कॅन करून बघता येतं. तिथे ते शोभतं. दाखला एकदाच निघतो, एकच कार्यालय देतं, पुढे तो बदलत नाही. प्लास्टिकचं तसं नाही. वाटेत ओलं होतं, सुकतं, दुसऱ्यात मिसळतं, दोन किलोचं दीड किलो होतं. कागदाची साखळी जमते. मालाची साखळी वेगळी.

अनुपालन

@एटापल्लीचा पाहुणा, फार नेमकं.

आणि जगभरातल्या कंपन्या एका साखळीवर आणणं किती अवघड त्याचंही उदाहरण आहे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी जहाजांच्या मालवाहतुकीसाठी ‘ट्रेडलेन्स’ काढलं, २०१८ मध्ये. पैसा कमी नव्हता, तंत्रज्ञान चालत होतं. २०२२ च्या शेवटी बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण सगळा उद्योग सहभागी झाला नाही. प्रतिस्पर्ध्याच्या वहीत आपली नोंद कोण करील? पुण्यातल्या एका सोसायटीच्या कचऱ्यासाठी भंगारवाला, गोडाऊनवाला आणि दाणेवाला एका साखळीवर येतील असं स्टार्टअपला कशावरून वाटतं, हे विचारा.

कागद काच

धागा पूर्ण वाचला. प्रतिसाद चांगले आहेत, पण मंगलताई पहिल्या पोस्टनंतर गायब झाल्या!

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर काम करते. मी काही वर्षं त्यांच्या कामाच्या जवळ होते. घरटी महिन्याला जे शुल्क देता ते एक. पण ताईंच्या कमाईचा मोठा भाग सुका कचरा विकून येतो, आणि तो त्यांचाच आहे.

त्यांचं वर्गीकरण कधी नीट बघा. पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्री अंथरून ढीग लावतात. रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, बिसलरी वेगळी, फुगा वेगळा, दूधपिशवी वेगळी. बाटली नुसती दाबून, आवाजावरून कोणतं प्लास्टिक ते सांगतात. कोणता माल कोणता भंगारवाला काटा न मारता घेतो, पावसाळ्यात पुठ्ठ्याचा भाव किती पडतो, सगळं डोक्यात. पुनर्वापर म्हणजे जे काही होतं ते याच हातांनी होतं.

आता तुम्ही बिसलरी आणि पुठ्ठा स्टार्टअपला द्याल. फ्लॅटमालकाला किराण्यात पाच-दहा रुपयांची सूट. ते पाच-दहा रुपये आले कुठून? ताईंच्या ताडपत्रीवरून. साखळीवर ही नोंद कुठे दिसेल?

मुक्तछंद

हे जरा भावनिक होतंय. लोकांनी कायम हातांनी कचरा निवडावा अशी व्यवस्था जपायची का? उद्या मशीनने वर्गीकरण होणारच. तंत्रज्ञान आलं की काही कामं जातात, टांगेवालेही गेले.

कागद काच

@मुक्तछंद, मशीन येत नाहीये. नीट वाचा. माणूसच येणार, पिशवी स्कॅन करणारा, आणि तो बहुधा महिन्याच्या पगारावर, सहकारी संस्थेचा सभासद नसलेला. हातांनी निवडणं त्याच्याही पुढे कुठल्यातरी गोडाऊनमध्ये होणार, तिथे हातमोजे आहेत का ते तुम्हाला मोबाइलवर दिसणार नाही.

मुक्तछंद

ठीक, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता असं नाही, पण पगारी नोकरी वाईट कशी?

संपादक

दोघांनीही चांगलं लिहिलंय, इथून वैयक्तिक वळण नको.

नोडकरी

@कागद काच, एक गोष्ट तुमच्या बाजूने जोडतो. प्लास्टिक बँकेत नोंद कोणाच्या नावावर होते? गोळा करणाऱ्याच्या. सचिवांच्या स्टार्टअपमध्ये कोणाच्या? फ्लॅटमालकाच्या. तंत्र एकच, पण लाभार्थी उलटा. आणि हैतीत ज्या कारणाने फोनवरच्या पैशांची गरज होती ती इथे यूपीआयने भागवलीय. आमच्या भंगारवाल्याच्या काट्याशेजारीही क्यूआर चिकटवलाय.

रच्याकने (बाय द वे), टोकनऐवजी सरळ रुपये देता येत नाहीत का, हे त्यांना विचारलंत का कोणी?

सचिव बिनपगारी

मंडळी, आभार. कामात होतो, आज सगळं वाचलं आणि तुमच्यातले काही प्रश्न त्या मुलांना फोन करून विचारले. मुलं सज्जन आहेत, टाळाटाळ केली नाही.

काटा कोणाचा? त्यांचा. सोसायटीचा दुसरा काटा शेजारी ठेवला तर चालेल का? चालेल, पण साखळीवर त्यांच्याच काट्याचा आकडा जाईल.

टोकनऐवजी रुपये? ‘सध्या शक्य नाही, सूट दुकानदार देतात.’ म्हणजे ते काही देत नाहीत.

माल पुढे कोणाला जातो? दोन व्यापाऱ्यांना. त्यांच्यापुढचे कारखाने ‘टप्प्याटप्प्याने साखळीवर येतील’. म्हणजे बाटलीचा प्रवास मोबाइलवर गोडाऊनच्या फाटकापर्यंत दिसणार. त्यापुढचं मीही सांगू शकतो.

मग त्यांच्या हुद्देदाराला एक प्रस्ताव दिला, @कागद काच यांच्यावरून सुचलेला. बिसलरी, पुठ्ठा, रद्दी, फुगा हे सगळं मंगलताईंचंच राहील. ज्याला भंगारात भाव नाही ते तुम्ही न्या. चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं, थर्मोकोल, औषधांच्या पट्ट्या, फाटक्या चपला. त्याची हवी तेवढी ब्लॉकचेन करा, पाहिजे तर टोकन नको आम्हाला.

उत्तर आलं की ‘त्या प्रकारात सध्या आमचं मॉडेल बसत नाही’.

काट्यावरचा माणूस

बसणार कसं, तिथे देणं आहे, घेणं नाही. चकचकीत वेष्टन हे चार-पाच थरांचं असतं, वितळवून दाणा नीट पडत नाही. ते शेवटी सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातं आणि तिथवरचं भाडंसुद्धा अंगावर येतं. त्याचे पैसे वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीने द्यायचे, तिथे @अनुपालन यांचं प्रमाणपत्र येतं.

अनुपालन

हो, बहुस्तरीय वेष्टन ही त्या नियमावलीत वेगळी वर्गवारीच आहे. सचिवसाहेब, परत बोलणं झालं तर इतकंच विचारा: आमच्या कचऱ्यावर तुम्ही प्रमाणपत्रं किंवा प्लास्टिक क्रेडिट (इतकं प्लास्टिक परत मिळवलं याची विकता येणारी नोंद) विकणार आहात का, आणि विकलीत तर त्यातलं सोसायटीला आणि ताईंना काय? करारात त्यांना कचऱ्याच्या नोंदींचा हक्क लिहून हवा असेल तर त्यांची खरी कमाई तिथे आहे.

सचिव बिनपगारी

करार आत्ता उघडून पाहिला. कलम ९: ‘संकलित साहित्याशी निगडित सर्व डिजिटल मालमत्ता व क्रेडिट यांचे संपूर्ण स्वामित्व कंपनीकडे राहील.’

समितीत हे कलम कोणी वाचलंच नव्हतं. रविवारी सर्वसाधारण सभा आहे, तिथे मोठ्याने वाचून दाखवतो. मंगलताईंनाही सभेला बोलावलंय. त्या म्हणाल्या, रविवारी सुट्टी असते, पण येते, फक्त अकराच्या आत उरका.

खवट शेंगदाणा

सोसायटीची सर्वसाधारण सभा अकराच्या आत? ताईंना खरं काय ते सांगा हो.